केचिकन: रंगवलेल्या खांबांआधी जुने खांब बघा

अलास्कातल्या केचिकनला जाणार असाल तर माझं एक ऐका. रंगीत टोटेम खांबांच्या, म्हणजे कुळांची चिन्हं कोरलेल्या उंच लाकडी खांबांच्या, बागेत शिरण्याआधी टोटेम हेरिटेज सेंटरमधले जुने, रंग उडालेले खांब बघा. मी उलट केलं आणि पहिला अर्धा दिवस हातचा घालवला. धक्क्यावरून एका टूरची बस पकडली. सॅक्समन या शेजारच्या गावातल्या खांबांच्या बागेत वीस मिनिटं, भराभर फोटो, की परत. गाइडने खांबांवरच्या प्राण्यांना सरळ 'देव' म्हटलं आणि मी ते खरं धरून चाललो.

सेंटर गावातच आहे, ओढ्याच्या काठाकाठाने चालत गेलो. त्लिंगिट आणि हैडा या इथल्या मूळ रहिवासी समाजांच्या ओस पडलेल्या गावांतून आणलेले 33 खांब इथे जपून ठेवलेत. लोक शाळा, ख्रिस्ती मिशन आणि मासळीच्या कारखान्यांपाशी राहायला गेले, खांब मागे पावसात उभे राहिले. त्यांची डागडुजी केलेली नाही, रंग चढवलेला नाही. राखाडी लाकूड, उभ्या भेगा, आणि त्या भेगांमधून अजून रोखून बघणारा एखादा डोळा. मी एका खांबासमोरून बराच वेळ हललोच नाही.

हे देव नव्हेत, यांची पूजा होत नाही, हे मला तिथे कळलं. आपल्याला समजायचं तर 'देवक' हा शब्द जवळचा आहे. त्लिंगिट समाजाच्या दोन बाजू, एक डोमकावळ्याची आणि एक गरुडाची. कूळ आईकडून येतं. आपल्याकडे एका देवकात सोयरीक होत नाही, तसं तिथे एकाच बाजूत लग्न करायचं नाही असा रिवाज. खांबावरचा बेडूक, अस्वल किंवा लांडगा त्या कुळाच्या मालकीचा असतो, त्याची गोष्टसुद्धा. खांब कोरायचं काम परंपरेने समोरच्या बाजूच्या माणसाला द्यायचं आणि खांब उभा केल्यावर मोठी पंगत घालून, दानं देऊन त्याचे उपकार फेडायचे. त्यामुळे खांबासमोर उभं राहिलात की 'हे काय आहे'च्या आधी 'हा कोणाचा आहे' असं विचारा. उत्तर देणाऱ्याचा चेहराच बदलतो.

मग पुन्हा सॅक्समन, या वेळी गावच्या बसने. केचिकनच्या दक्षिणेला जेमतेम चार किलोमीटर. नेथन जॅक्सन यांच्यासारख्या नामांकित कारागिराने इथे वर्षानुवर्षं काम केलं. कोरकामाची शेड बघायचीच, पण आत कधी सोडतात ते आदल्या दिवशी विचारून ठेवा. माझे आजोबा सुतार होते, त्यामुळे दारातच लाकडाच्या वासाने मी थबकलो. लाल सीडारचा ओंडका आडवा ठेवला होता, पाठीकडून पोखरलेला, म्हणजे वजन उतरतं आणि वाळताना लाकूड सहसा तडकत नाही. कारागिराच्या हातात होता तो आपला वाकसच, सुताराचं आडव्या पात्याचं तासायचं हत्यार, फक्त दांडा फांदीच्या नैसर्गिक कोनातून काढलेला. घाव हलका, एकसारखा. प्रत्येक घावाला नखाएवढी ढलपी उडत होती आणि मागे माशाच्या खवल्यांसारख्या ओळी उमटत होत्या. मला वाटलं यावर आता रंधा फिरेल. नाही! तेच शेवटचं काम. बारीक जागी वाकड्या पात्याची सुरी. रंग मुख्यतः काळा, लाल आणि निळसर हिरवा. पूर्वी खनिजाच्या भुकटीत चघळलेली सामन माशाची अंडी मिसळून रंग बनवायचे.

बागेत एक खांब चुकवू नका. वर पेटीवर बसलेला माणूस आहे, अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री विल्यम स्यूअर्ड, ज्यांनी 1867 मध्ये रशियाकडून अलास्का विकत घेण्याचा करार केला. 1869 मध्ये ते इकडे आले, त्लिंगिट प्रमुखाने थाटाने पाहुणचार केला, भेटी दिल्या. परतफेड झालीच नाही. म्हणून हा लाजेचा खांब, नाक-कान लाल रंगवलेले. देणं थकलं तर ते लाकडात लिहून गावासमोर उभं करायचं. मला हा खांब सगळ्यांत जास्त आवडला.

केचिकनच्या उत्तरेला सोळा किलोमीटरवर टोटेम बाइट, खांबांचं आणखी एक उद्यान. 1938 पासून सरकारी रोजगार योजनेत त्लिंगिट आणि हैडा कारागिरांनी मोडकळीला आलेले खांब पुन्हा कोरले, त्यातले बरेच इथे आहेत. कुळाच्या घराचं दार इतकं बुटकं की वाकूनच आत जावं लागतं. आत अंधारात कोरीव खांबांपाशी बसा जरा.

सोयीचं थोडं. सिएटलहून विमानाने साधारण दोन तास. विमानतळ समोरच्या बेटावर आहे, गावात यायला छोटी फेरीबोट. मे ते सप्टेंबर क्रूझ जहाजांचा मुख्य हंगाम. बंदरात कोणत्या दिवशी किती जहाजं आहेत ते आधी पाहा आणि सकाळी लवकर किंवा जहाजं सुटल्यावर बागेत जा. पाऊस कोकणासारखा, पण बारमाही. छत्रीपेक्षा टोपीचा रेनकोट आणि पकड असलेले बूट घ्या, ओल्या लाकडी पायवाटा फार निसरड्या होतात. खांबांना हात लावू नका. कारागिराचा फोटो विचारून काढा. मी विचारलं तेव्हा त्याने वाकस खाली ठेवला, पायाशी पडलेली एक ढलपी उचलून माझ्या हातात दिली आणि वास घ्यायला सांगितलं.