वळणावर आत कलायचं

दिवे घाट चढताना डाव्या टाचेला फोड आला. पुण्याहून सासवडपर्यंतची ही चाल साऱ्या वाटेतली सर्वांत लांब, तीस किलोमीटरच्या वर, आणि घाट लागतो तो पाय दमल्यावर. माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या लावल्या होत्या. सगळ्या वळणांवरून पताका दिसत होत्या आणि मला पुढचं पाऊल टाकवत नव्हतं.

दिंडीतल्या एका मावशींनी मला कठड्यापाशी बसवलं, सुईत दोरा ओवला आणि फोडाच्या आरपार नेला. "दोरा आतच राहू दे, पाणी निघून जाईल. अण्णांनी तुला एवढंही शिकवलं नाही का गं?"

अण्णा म्हणजे माझे वडील. याच दिंडीत ते बावीस वर्षं चालले. गेल्या फाल्गुनात ते गेले आणि यंदा त्यांचे टाळ गळ्यात घालून मी आले. त्यांनी मला चालायला शिकवलं ते चाकांवर.

गळ्यात तुळशीची माळ आणि पायात चार चाकांचे स्केट्स, असे आमचे अण्णा. पहाटे स्नान, हरिपाठ, आणि उजाडायच्या आत बास्केटबॉलच्या सिमेंटच्या मैदानावर. माळकरी माणसाला हे शोभतं का, असं नात्यातल्या एकांनी तोंडावर विचारलं होतं. अण्णा म्हणाले, "पाय त्यानंच दिलेत." मला तेव्हा त्या माणसाचा फार राग आला होता. अण्णांना आला नाही.

रविवारी ते अंगणात जुनं वर्तमानपत्र पसरून बसायचे. आठ चाकं, प्रत्येकात दोन, अशी सोळा बेअरिंग काढून रॉकेलच्या वाटीत टाकायची, दात घासायच्या जुन्या ब्रशानं घासायची, पुसून वाळवायची, मग तेलाचा एकेकच थेंब. प्रत्येक बेअरिंग बोटावर फिरवून कानाशी न्यायचे. "खरखर ऐकू आली तर अजून माती आहे." मग तेच बेअरिंग माझ्या कानाशी. शेजारीच पितांबरी लावून उजळलेले टाळ उन्हात वाळत असायचे. त्यांच्या लेखी ही दोन कामं नव्हतीच.

पुढे वाल्हे झालं, नीरेचं स्नान झालं, चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं. फलटणपर्यंत टाच बरी झाली होती. खरं सांगायचं तर मी चालत होते पुरंदावड्याच्या गोल रिंगणासाठी. अण्णा घरी आले की त्याचंच वर्णन करायचे, आणि ते भक्तीचं आहे की घोड्याचं, हे आम्हाला कधी कळायचं नाही.

पताकाधारी, तुळशीवाल्या, विणेकरी, सगळे मैदानात गोल उभे राहिले. आधी पताका घेतलेल्या स्वाराचा अश्व सुटला, त्यामागून माउलींचा, पाठीवर कुणीही नसलेला. तो माझ्यासमोरच्या वळणावर आला आणि मला दिसलं, त्याचं सगळं अंग आत कललं होतं. मान, खांदा, पोट, सगळंच वर्तुळाच्या आत. त्याला ओढून वळवणारं कुणी नव्हतं.

"चाक वळवायला जाऊ नकोस. तू कल, चाक आपोआप वळेल." मी सात वर्षांची असताना अण्णा हे रोज सांगायचे. स्केट उलटा करून चाकांच्या वरची रबराची गादी दाबून दाखवायचे. 1863 साली न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टन यांनी ही युक्ती केली, त्याआधीच्या स्केट्सना नीट वळताच येत नसे, हेही सांगायचे. आणि लगेच म्हणायचे, "रिंगणातला घोडा बघ एकदा, म्हणजे कळेल." बघायला मला एकतीस वर्षं लागली. अश्वाच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावत होते. मीही लावली, आणि मग रडू आवरलं नाही. कुणी कारण विचारलं नाही. वारीत रडणाऱ्याला कुणी विचारत नाही.

वाखरीला आई आली. तिचे गुडघे दुखतात, म्हणून शेवटचा टप्पा तेवढा ती चालणार होती. बाजीरावाच्या विहिरीचं रिंगण झालेलं, तळावर बायकांच्या फुगड्या चालू होत्या. आईनं पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि माझ्यापुढे दोन्ही हात केले.

ते हात मी ओळखले. लहानपणी एकदा अण्णांनी तिला मैदानावर स्केट्स घालून उभं केलं होतं. ती भीतीनं लाल झालेली, दोन्ही हात असेच पुढे, आणि अण्णा ते धरून उलटे, पाठीमागे सरकत चाललेले, नजर सारखी तिच्या चेहऱ्यावर. "गुडघे वाकव. मागे झुकू नकोस, मागे झुकलीस की पडलीस." मैदानाची अख्खी लांबी त्यांनी तिला असं नेलं.

आम्ही हातांची अढी घातली. सवयीनं मी गुडघे वाकवले, अंग पुढे घेतलं. फुगडी फिरेचना.

"अगं, मागे झोक दे," आई म्हणाली. "मी धरलंय ना."

मी मागे झोक दिला. तिनंही दिला. तिच्या गुडघ्यांना झेपतील तेवढे, अगदी सावकाश, तीन फेरे आम्ही घेतले.