तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या स्टीलच्या सायकलला नवीन काय बसतं?

प्रश्न बहुतेक वेळा असाच येतो. जुनी स्टीलची सायकल हाताला लागलीय, बारीक नळ्यांची, जोडांवर लग (नळ्या जोडणारे धातूचे तुकडे) असलेली, फ्रेम बघून जीव अडकलाय, पण ब्रेक धड लागत नाहीत आणि चढ आला की पाय भरून येतात, तर हिला कुठला ग्रुपसेट (गिअर, ब्रेक, क्रँकचा एकत्र संच) घालू?

ग्रुपसेट सध्या बाजूला ठेवा. आधी फ्रेम मोजा, आणि मोजून झालं की खर्च ब्रेकवर, टायरवर आणि सगळ्यात हलक्या गिअरवर करा, बाकी जे नीट फिरतंय ते उघडून, धुऊन, ग्रीस भरून परत जागेवर. मी सगळ्यांना हेच सांगतो, आणि का सांगतो ते आता जरा पाल्हाळ लावून सांगतो, कारण या सायकलींमध्ये एक पार्ट बदलला की तो दुसऱ्याला ओढून आणतो, दुसरा तिसऱ्याला, आणि शेवटी नव्या सामानाचा ढीग लागतो आणि सायकल उभीच.

पहिलं माप मागच्या चाकाच्या जागेचं. चाक काढा आणि दोन ड्रॉपआउटच्या (चाकाचा एक्सल ज्या खाचांत बसतो त्या) आतल्या बाजूंमधलं अंतर मोजा. रेसिंग पद्धतीच्या सायकलीत 120 मि.मी. आलं तर ती मुळात 5 स्पीडची (मागे 5 चकत्या), 126 आलं तर 6 किंवा 7 ची, 130 म्हणजे 8 आणि त्यानंतरची. आता 126 च्या फ्रेममध्ये 130 चा हब (चाकाचा मधला भाग) बसवायचा तर दोन्ही बाजू जेमतेम दोन-दोन मि.मी. फाकवायच्या असतात, तेवढं हाताने ओढूनसुद्धा चाक आत जातं. 120 वरून 130 करायचं असेल तर मात्र फ्रेम कायमची वाकवून घ्यावी लागते, तिला कोल्ड सेटिंग म्हणतात, गरम न करता, हळूहळू, एकेक बाजू. हे फक्त स्टीललाच जमतं. ॲल्युमिनियम किंवा कार्बनच्या फ्रेमवर हा प्रयोग चुकूनही करू नका, ती तडकेल.

वाकवायच्या आधी आणि नंतर दोरा लावून बघायचा, आणि ही गोष्ट मला इतकी आवडते की फ्रेम वाकवायची नसली तरी मी जुन्या फ्रेमला दोरा लावतोच. न ताणणारा पक्का दोरा घ्या, एक टोक एका ड्रॉपआउटला बांधा, दोरा पुढे नेऊन हेड ट्यूबला (हँडल बसतं ती पुढची नळी) वळसा घाला आणि दुसऱ्या बाजूने मागे आणून दुसऱ्या ड्रॉपआउटला ताठ बांधा. मग सीट ट्यूबच्या (सीटखालची उभी नळी) दोन्ही बाजूंना दोरा आणि नळी यांच्यात किती फट आहे ते मोजा. दोन्हीकडे सारखी असेल तर मागचा भाग सरळ आहे. डावीकडे जास्त असेल तर मागचा भाग डावीकडे सरकलाय, आणि मग चाकाचा कितीही आउट काढा, सायकल एका बाजूला ओढणारच. रुंदी वाढवली की ड्रॉपआउटसुद्धा थोडे तिरके होतात, ते परत समांतर करून घ्यायचे, नाहीतर एक्सलवर कायम ताण राहतो.

दुसरं माप बॉटम ब्रॅकेटचं (बीबी), म्हणजे पॅडलचा एक्सल ज्यात फिरतो त्या भागाचं. बीबी शेलची रुंदी 68 मि.मी. असेल तर बहुतेक इंग्लिश आटे (1.37 इंच, 24 टीपीआय, म्हणजे इंचाला 24 आटे), 70 असेल तर बहुतेक इटालियन (36 मि.मी., 24 टीपीआय). हे माहीत असणं का महत्त्वाचं, तर इंग्लिशमध्ये चेनच्या बाजूच्या कपाला उलटे आटे असतात, तो सोडवायचा तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवावा लागतो. इटालियनमध्ये दोन्हीकडे सुलटे. म्हणजे इंग्लिश फ्रेमचा उजवा कप नेहमीच्या सवयीने सोडवायला घेतलात आणि पान्याला लांब पाइप लावून जोर केलात तर तुम्ही तो आवळत असता, आणि कप फिरला नाही म्हणून अजून जोर करता. कप बाहेर येण्याआधी त्यावर काय कोरलंय ते वाचा, बरेचदा मापच लिहिलेलं असतं. फ्रेंच फ्रेम असेल तर प्रकरण वेगळं, तिथे बीबी 35 बाय 1, दोन्हीकडे सुलटे आटे, हँडलचा स्टेम 22.2 ऐवजी 22.0, पॅडलचे आटे 14 मि.मी. अशी सगळी मापं निराळी. त्या सायकलीचे मूळ पार्ट चांगले असतील तर ते फेकू नका, जपा, आणि बीबी गेलाच असेल तर आट्यांचा आधार न घेता शेलला आतून आवळून धरणारे बीबी मिळतात, ते बघा.

आता ब्रेक. सायकलला क्रोम केलेल्या स्टीलच्या रिम असतील (चुंबक लावून बघा, चिकटला की स्टील) तर बाकी सगळं सोडून आधी त्या बदला, इथे मी अजिबात तडजोड करणार नाही. कोरड्या रस्त्यावर त्या कशाबशा थांबवतात, पण ओल्या झाल्या की रबर नुसतं घसरतं, लिव्हर हँडलला टेकते आणि सायकल चालतच राहते. तेच ब्रेक, तेच लिव्हर, फक्त ॲल्युमिनियमची रिम आणि चांगले ब्रेक शू, एवढ्यावर पावसातली सायकल वेगळी वाटायला लागते. महागडे कॅलिपर (रिमला दोन्ही बाजूंनी धरणारे ब्रेक) घेऊन जुन्या स्टील रिमवर लावणारे बघितले की मला खरंच वाईट वाटतं, पैसे अगदी चुकीच्या टोकाला गेलेले असतात.

रिम बदलताच आहात तर साइजचाही विचार करा. जुन्या बऱ्याच सायकलींना 27 इंची चाकं असतात, टायर बसतो तिथला व्यास 630 मि.मी. आजकालची 700सी म्हणजे 622. फरक व्यासात 8, म्हणजे ब्रेक शू 4 मि.मी. खाली उतरवावा लागतो. तुमच्या कॅलिपरच्या खाचेत शू सध्या कुठे आहे बघा, खाली 4 मि.मी. जागा असेल तर काम झालं, नसेल तर लांब रीचचे (शू आणखी खाली पोचवणारे) कॅलिपर लागतील. फायदा असा की 700सी मध्ये टायरची निवड प्रचंड आहे, आणि चाक लहान झाल्यामुळे टायरच्या वर तीच 4 मि.मी. जागा मोकळी होते, म्हणजे 28 च्या ऐवजी 32 मि.मी.चा टायर जाऊ शकतो, मात्र चेनस्टेच्या (बीबीपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या दोन नळ्या) मधली रुंदी बघून घ्या. जाड टायर थोड्या कमी हवेवर चालवा, स्टीलच्या फ्रेमचं जे कौतुक आपण करतो त्यातलं निम्मं खरं तर चांगल्या टायरचं असतं हे माझं मत.

दोन गोष्टी मधेच सांगून ठेवतो, कारण त्या जिवावर बेतू शकतात. ब्रेकच्या केबलला गिअरची आउटर (केबलवरचं बाहेरचं कव्हर) कधीही लावू नका. गिअरच्या आउटरमध्ये तारा लांबीच्या दिशेने उभ्या असतात, जोरात ब्रेक दाबला की ती फाटू शकते, ब्रेकच्या आउटरमध्ये तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते म्हणून ती टिकते. आणि जुन्या रेसिंग लिव्हरला व्ही-ब्रेक जोडू नका, व्ही-ब्रेकला जास्त केबल ओढणारी लिव्हर लागते, साध्या लिव्हरने शू रिमपर्यंत पुरेसे सरकत नाहीत.

गिअरवर सगळ्यात जास्त गोंधळ होतो. मागे जुनी आट्यांची फ्रीव्हील आहे की कॅसेट, हे आधी ओळखा. फ्रीव्हील हबच्या आट्यांवर आख्खी चढते, तिच्यात खटखट करणारी यंत्रणा सुद्धा तीच. कॅसेटमध्ये ती यंत्रणा हबमध्ये असते आणि वर फक्त दातांच्या चकत्या सरकवतात. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचे छर्रे बरेच आत राहतात, त्यामुळे एक्सलचा लांब तुकडा आधाराशिवाय बाहेर असतो आणि तो वाकतो, विशेषतः मागे रुंदी जास्त आणि बसणारा माणूस दणकट असेल तर. कॅसेट हबमध्ये छर्रे पार टोकाजवळ असतात. म्हणून चाक नवीनच बनवताय तर कॅसेट हब घ्या. पण हब चांगला असेल आणि एक्सल सरळ असेल तर 7 स्पीडची नवी फ्रीव्हील 126 च्या फ्रेममध्ये काहीही न वाकवता बसते, 14 ते 34 दातांपर्यंत मिळते, आणि बहुतेकांना यापेक्षा जास्त काही लागत नाही.

इथे एक कळीची सूचना. रिम बदलायची म्हणून स्पोक कापायच्या आधी फ्रीव्हील काढून घ्या. फ्रीव्हील सोडवायला रिमूव्हर व्हाइसमध्ये पक्का धरतात आणि आख्खं चाक स्टिअरिंग फिरवल्यासारखं फिरवतात, सगळा जोर रिमच्या घेरामुळे मिळतो. स्पोक कापले की हातात नुसता गुळगुळीत हब उरतो आणि वर्षानुवर्षं पॅडल मारून घट्ट बसलेली फ्रीव्हील काही केल्या सुटत नाही.

हलका गिअर म्हणजे किती हलका, तेही आकड्यांत बघा. जुन्या रेसिंग सायकलीला पुढे 52 आणि 42 दात, मागे 14 ते 28 असं खूप दिसतं. सगळ्यात हलका 42 भागिले 28, म्हणजे 1.5. मागे 34 केलं की 1.24 होतं, पुढेही 34 करता आलं तर 1.0, आणि मग चढावर बसून जाता येतं. पण पुढे 34 बसेल का हे क्रँकच्या (पॅडलचा दांडा) पाच बोल्टच्या वर्तुळावर ठरतं. 144 मि.मी.च्या वर्तुळावर 41 दातांपेक्षा लहान चेनरिंग (पुढची दातांची चकती) बसतच नाही, 130 वर 38 पर्यंत, 110 वर 34 आरामात. म्हणून सुंदर जुना 144 चा क्रँक असेल तर तो तसाच ठेवा आणि मागे दात वाढवा. मागे 34 केलं की जुना छोट्या केजचा (चेन ताणून धरणारा खालचा हात) डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) पुरत नाही, लांब केजचा घ्यावा लागतो, आणि चेनही थोडी लांब. बघा, ओढत आणतात म्हणालो ते हेच.

शिफ्टर मात्र बदलायची घाई करू नका. शिमानोने 1984 मध्ये आपल्या ड्युरा-एस या ग्रुपसेटला एसआयएस (क्लिकने गिअर बदलण्याची पद्धत) दिलं, तेव्हापासून क्लिक करणारे शिफ्टर रुळले, त्याआधी बहुतेक सगळं फ्रिक्शनवर (क्लिक नसलेली, घर्षणाने जागी राहणारी लिव्हर) चालायचं. फ्रिक्शन लिव्हरला कुठल्या कंपनीचा डिरेलर आणि कुठल्या कंपनीची फ्रीव्हील याच्याशी काही देणंघेणं नसतं, 5 असो की 8, तुम्ही लिव्हर सरकवता, चेन जाते, खरखर आली की केसभर मागेपुढे करता. जुनं-नवं सामान एकत्र करायचं असेल तर याच्यासारखी सोय नाही. क्लिकचे शिफ्टर घेतले की शिफ्टर, डिरेलर, चकत्यांमधलं अंतर सगळं एकमेकांशी जुळवत बसावं लागतं.

कॉटर पिनचा (एक्सलवर आडव्या खिळीने अडकवलेला) क्रँक असेल तर पिन हातोड्याने ठोकताना क्रँकच्या खाली जमिनीपर्यंत टेकणारा जाड पाइप उभा करा. तसा आधार नसेल तर प्रत्येक घाव बीबीच्या छऱ्यांवर जातो आणि कपात खड्डे पडतात, मग पॅडल फिरवताना गरगर लागते ती कितीही ग्रीस भरलं तरी जात नाही.

हँडल, स्टेम, सीट याबद्दल थोडक्यात. हँडलचा मधला व्यास आणि स्टेमचा क्लँप तंतोतंत जुळला पाहिजे, 25.4 आणि 26.0 डोळ्याला सारखेच दिसतात पण 25.4 चं हँडल 26.0 च्या स्टेममध्ये कितीही आवळलं तरी ऐन वेळी फिरू शकतं. सीट पोस्ट चांगल्या नळ्यांच्या फ्रेममध्ये बरेचदा 27.2 असतो, पण मापं 0.2 च्या फरकाने बदलतात म्हणून व्हर्नियरनेच मोजा, आणि सीट क्लँपचे दोन कान एकमेकांकडे वाकलेले दिसले तर समजा आधीच्या कुणीतरी बारीक पोस्ट घालून आवळलाय, आत्ताच्या पोस्टच्या मापावर विश्वास ठेवू नका. स्टीलच्या नळीत ॲल्युमिनियमचा पोस्ट किंवा स्टेम घालताना ग्रीस लावाच, नाहीतर दोन धातू ओलाव्यात एकमेकांना असे धरतात की करवतीनेच निघतात. सीट कुठली हा प्रश्न मला विचारू नका, ते ज्याचं त्याने बसून ठरवायचं.

राहिला रॉड ब्रेकच्या (केबलऐवजी दांड्यांनी चालणाऱ्या) उंच रोडस्टरचा प्रश्न, तोही हल्ली बरेच जण विचारतात. त्या चाकांचा व्यास 635 मि.मी., रिमच्या कडा गोलसर, आणि शू रिमच्या आतल्या बाजूला खालून दाबतो, त्यामुळे तिथे साधा कॅलिपर लावायचा तर रिमच बदलावी लागते आणि सायकलचं रूपच जातं. मागे तीन गिअरचा (गिअर आतच असलेला) स्टर्मी-आर्चर हब असेल तर त्याला हातही लावू नका, तेल घाला, केबल नीट लावा. तीन गिअरचं प्रमाण 75, 100 आणि 133 टक्के असतं, चढ जड जात असेल तर मागची 18 दातांची चकती काढून 22 ची घाला, एक रिंग क्लिप काढली की ती निघते. पुढे 46 असेल तर सगळ्यात हलका गिअर 1.92 वरून 1.57 वर येतो. ब्रेकसाठी पुढे ड्रम ब्रेकचा हब बसवा, पावसातही तसाच लागतो. फक्त आधी दोन गोष्टी तपासा: जुन्या चिमट्याची (पुढचं चाक धरणारा फोर्क) रुंदी बरेचदा 100 मि.मी.पेक्षा कमी असते, आणि जुन्या इंग्लिश रोडस्टरच्या रिमला पुढे 32, मागे 40 भोकं असतात, तर नव्या हबला बहुतेक 36. भोकं मोजूनच हब मागवा.