सान सेबास्तियानचा बार नेस्तोर: तोर्तियाच्या एका फोडीसाठी दुपार कशी आखावी

स्पेनमधल्या सान सेबास्तियानच्या बार नेस्तोरमध्ये तोर्तिया, म्हणजे अंडं-बटाट्याचं जाड ऑम्लेट, दिवसातून दोनदाच होते, एक दुपारी १ वाजता आणि एक रात्री ८ वाजता. तिच्या साधारण पंधरा-सोळा फोडी निघतात, आणि त्या आधीच नाव देऊन ठेवलेल्यांच्या असतात. बरोबर १ वाजता दारात जाऊन फोड मागणाऱ्याला हात हलवत परतावं लागतं. म्हणून घड्याळ पाठच करा: दुपारच्या फोडीसाठी १२ला नाव, रात्रीच्या फोडीसाठी ७ला.

आम्ही दुपारची वेळ धरली आणि मागून जाणाऱ्यांनाही तीच सुचवू. रात्री जुन्या गावात, म्हणजे पार्ते व्हिएहात, खांद्याला खांदा लागतो. दुपारी फोड हुकली, तरी आजूबाजूची स्वयंपाकघरं साडेतीनपर्यंत चालू असतात. त्यानंतर मात्र ४ ते ७ गरम काही मिळणं कठीण. आपल्याकडच्या सवयीने संध्याकाळी ६ला जेवायला निघालात, तर काउंटरवरच्या गार पदार्थांवर भागवावं लागेल.

वार बघून जा. रविवारी रात्री आणि सोमवारी जुन्या गावातले बरेच नावाजलेले बार बंद असतात. मंगळवार ते गुरुवारची दुपार सगळ्यात सोयीची. २० जानेवारीची ताम्बोराडा, म्हणजे ढोल-ताशांचा उत्सव, ऑगस्टच्या मध्यातला मोठा उत्सव आणि सप्टेंबरातला चित्रपट महोत्सव, या दिवसांत गावात पाय ठेवायला जागा नसते. टोमॅटो आणि मिरच्यांचा बहर उन्हाळ्यापासून शरदाच्या सुरुवातीपर्यंत असतो. फक्त खाण्यासाठी जाणार असाल, तर जून किंवा सप्टेंबरचा पहिला आठवडा बघा.

बिल्बाओच्या विमानतळावरून सान सेबास्तियानला थेट बस आहे. अंतर शंभरेक किलोमीटर, वेळ सव्वा तास. माद्रिदहून रेल्वेला पाच तासांहून जास्त लागतात, त्यामुळे खास या गावासाठी येणाऱ्यांना बिल्बाओ बरं. बसस्थानक आणि रेल्वे स्टेशन उरुमेआ नदीकाठी शेजारी-शेजारी आहेत. मारिया क्रिस्तिना पूल ओलांडून जुन्या गावात चालत वीसेक मिनिटं लागतात. बॅगा आधी हॉटेलात टाका. बारमध्ये बॅग ठेवायला तर सोडाच, पाठीवरची सॅक घेऊन वळायलाही जागा नसते.

आता प्रत्यक्ष दुपार. बारचा पत्ता काये पेस्कादेरिया ११ (काये म्हणजे रस्ता). पावणेबाराच्या आत दाराशी उभं राहा, गर्दीच्या दिवसांत त्याहून आधी. दार उघडलं की काउंटरवर नाव आणि फोडींची संख्या सांगायची: ‘दोस पिंचोस दे तोर्तिया, पोर फावोर’, म्हणजे दोन फोडी. नाव आखूड सांगा. स्पॅनिशमध्ये ‘ज’च्या अक्षराचा उच्चार ‘ख’कडे झुकतो आणि शब्दाच्या सुरुवातीचा ‘ह’ गळून पडतो. त्यामुळे जयंत किंवा हर्षद अशी हाक कशी येईल याचा भरवसा नाही. अनिता, मीना, रवी ही नावं बिनधोक. चौघांचा गट असेल तर एकानेच नाव द्यावं, पण १ वाजता सगळ्यांनी हजर असावं.

नाव दिल्यावर मधला तास मोकळा असतो, आणि इथेच बहुतेकांचं गणित बिघडतं. काउंटरवर रचलेल्या थाळ्या बघून मंडळी चार ठिकाणी खातात आणि १ला पोट भरल्या अवस्थेत पोचतात. या तासात एकच पिंचो, म्हणजे बारमधला छोटा खाऊ, आणि एकच छोटं पेय घ्या. मासे खाणाऱ्यांसाठी त्याच रस्त्यावर ५ क्रमांकाला ‘चेपेचा’ नावाचा बार आहे. व्हिनेगरात मुरवलेल्या अँचोव्ही, म्हणजे मांदेलीएवढ्या माशांच्या फिती, भाजलेल्या पावावर वेगवेगळ्या साजासकट देतात. खारवलेल्या तपकिरी अँचोव्हीपेक्षा ही चव अगदी वेगळी, आंबटसर आणि हलकी. एक खा, आणि पावणेएकला परत फिरा.

नेस्तोरमध्ये बसायला एखाद-दुसरं टेबल, बाकी सगळे उभे. काउंटरच्या कडेला कोपरा मिळाला तर तो सोडू नका, थाळी तिथेच ठेवायची आहे. यादी फार छोटी आहे: तोर्तिया, टोमॅटो, हिरव्या मिरच्या आणि चुलेता.

चुलेता म्हणजे वयस्क गाईच्या मांसाचा हाडासकट जाड तुकडा. कच्चा तुकडा थाळीत आणून दाखवतात, वजनावर ठरवतात, मग कडक तापलेल्या तव्यावर बाहेरून करपेपर्यंत भाजतात. आतून तो लालच राहतो, वरून जाड मीठ. हाडासकट किलोभराचा तुकडा दोघा-तिघांना पुरतो. भाव किलोवर असतो, त्यामुळे तुकड्याला मान डोलावण्याआधी वजन आणि किंमत विचारा. गोमांस खात नसाल तर इथे येऊ नये असं मात्र मुळीच नाही. उरलेल्या तीन पदार्थांत मांस-मासे नाहीत, आणि खरं सांगायचं तर त्या तिघांवर दोन माणसांचं उत्तम जेवण होतं. तव्याचा स्पर्शही चालत नसेल, तर मिरच्या कशावर परततात ते आधी विचारून घ्या, कारण स्वयंपाकघर चिमुकलं आहे.

टोमॅटो आधी मागवा, १ वाजायच्या थोडं आधी. मोठे, गरदार टोमॅटो जाड फोडी करून येतात. वर भरपूर ऑलिव्ह तेल आणि जाड मीठ. तेल आणि टोमॅटोचं पाणी थाळीत साचतं. ते पावाने टिपून खायचं, थाळी परत जाऊ द्यायची नाही. मिरच्या बोटाएवढ्या, सालीवर फोड येईपर्यंत तेलात परतलेल्या, देठ धरून एका घासात खायच्या. तिखटाची अपेक्षा ठेवू नका, क्वचित एखादी झणका देते.

तोर्तिया आली की ती लगेच खायची. बटाटा भरपूर ऑलिव्ह तेलात मंद आचेवर मऊ करायचा, तळून लाल करायचा नाही. मग तेल निथळून तो फेटलेल्या अंड्यांत मिसळायचा आणि कढईत दोन्ही बाजूंनी जेमतेम धरेपर्यंत ठेवायचा, ही तिची रीत. म्हणूनच फोड कापली की मध्यभाग थाळीत पसरतो. आपल्याकडे ऑम्लेट पूर्ण शिजलेलं लागतं, त्यामुळे काहींना हे कच्चं वाटेल. पण आतलं अंडं गरम असतं, आणि त्याने बटाट्याला जो मलईदारपणा येतो तोच या फोडीचा जीव आहे. दहा मिनिटं फोटो काढत बसलात तर अंडं थाळीतच घट्ट होतं आणि साधी बटाट्याची तोर्तिया उरते. पूर्ण शिजलेलं अंडंच हवं असेल, तर इथे नाव देऊ नका. गावातल्या कितीतरी काउंटरवर घट्ट तोर्तिया सकाळपासून ठेवलेली असते.

दोन माणसांसाठी प्रमाण सांगायचं तर दोन फोडी, एक टोमॅटो, एक थाळी मिरच्या आणि पाव. चुलेता घेणार असाल तर फोड दोघांत एक करा.

पेयांत झुरितो म्हणजे बिअरचा छोटा पेला. चाकोली ही इथली आंबटसर पांढरी वाइन, उंचावरून धार धरून ओततात. दारू नको असेल तर ‘मोस्तो’ मागा. तो द्राक्षांचा रस असतो, काउंटरवर सगळेच पितात. ‘आग्वा देल ग्रिफो’ म्हटलं की नळाचं पाणी फुकट मिळतं, ते देणं स्पेनमध्ये २०२२च्या कायद्याने बंधनकारक आहे.

शाकाहाऱ्यांनी बाकीच्या बारमध्ये जास्त सावध राहावं. ‘भाजी’ म्हणून आलेल्या थाळीत हामोनचे, म्हणजे खारवून वाळवलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, क्रोकेतांच्या, म्हणजे तळलेल्या छोट्या रोलांच्या, सारणातही बहुधा तेच. रशियन सॅलडमध्ये टूना निघतो. बोर्दा बेर्री या बारमध्ये इदियासाबाल चीज घातलेला रिसोतोसारखा (इटालियन मऊ भातासारखा) पदार्थ लोकप्रिय आहे, पण तो कशाच्या रश्श्यात शिजवलाय ते विचारा. चीज स्वतः मेंढीच्या दुधाचं असून ते विरजायला प्राणिजन्य रेनेट (वासरा-कोकरांच्या पोटातलं विरजण) वापरतात, हेही कडक शाकाहाऱ्यांनी लक्षात घ्यावं. ‘शाकाहारी आहे’ एवढ्याने भागत नाही. ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन’, म्हणजे मांस नको, मासा नको, हामोन नको, असं तिन्ही वेगवेगळं सांगा. कांदा-बटाटा न खाणाऱ्यांना टोमॅटो, मिरच्या आणि ऑलिव्हपलीकडे फारसं काही हाती लागणार नाही. त्यांनी हॉटेलात खाऊन निघावं.

नेस्तोरनंतर अजून भूक असेल, तर काउंटरवरचं गार खाऊ नका. भिंतीवरची पाटी वाचा. गरम पदार्थ त्यावर लिहिलेले असतात आणि मागितल्यावर करून देतात. काये सान हेरोनिमोवरच्या ‘गानबारा’ या बारमध्ये मोसमी अळिंबी परतून त्यावर अंड्याचा कच्चा बलक घालून देतात. भाव इतरांहून चढा आहे, तरी शरदात गेलात तर टाळू नका. बाकी ठिकाणी एक पिंचो ३ ते ५ युरोंच्या घरात पडतो. काय-काय खाल्लं ते लक्षात ठेवा, कारण बऱ्याच बारमध्ये हिशोब शेवटी होतो आणि तुम्हालाच विचारतात. ‘ला क्वेन्ता, कुआन्दो पुएदास’ म्हटलं की बिल येतं.

गोडासाठी काये ३१ दे आगोस्तोवर ३ क्रमांकाला ‘ला विन्या’ हा बार. त्यांचा चीजकेक वरून गडद तपकिरी, आतून लोण्यासारखा. त्यात क्रीम चीज, साय, अंडी, साखर आणि चिमूटभर मैदा असतो, जिलेटिन नाही. एका थाळीत दोन पातळ कापं येतात, म्हणून दोघांत एकच थाळी मागा. दुपारी अडीच-तीनच्या सुमाराला रांग लांबते, पण ती काउंटरपाशी भरभर सरकते. बाहेरच्या टेबलाची वाट बघत बसू नका, आत जाऊन उभ्यानेच खा.