छपराएवढेच पाणी

चुंबे बेट, झांझिबार
१२ सप्टेंबर, रात्र

या बेटावर विहीर नाही. सगळे बेट जुन्या, मेलेल्या प्रवाळाच्या सच्छिद्र खडकाचे असल्यामुळे पडलेला पाऊस जमिनीत मुरतो तो थेट समुद्राला मिळतो, आणि खाली खणले तर खारे पाणीच लागणार. अतिथीगृहाच्या माणसाने हे सांगितले, तेव्हा धाकट्या लेकीने माझ्याकडे असे पाहिले, जणू मला माहेरी आणून सोडले होते. मी म्हसवडची. माणच्या कोरड्या तालुक्यात वाढले आणि पुढे तीस वर्षे भूगोल शिकवला. तेव्हा पाण्याचा हिशेब मला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती, तरी मी मुकाट्याने ऐकून घेतला.

लेक टांझानियात दार-ए-सलामला नोकरी करते. तेथून बोटीने झांझिबार, आणि झांझिबार शहराच्या दक्षिणेस बारा-एक किलोमीटरवर जेमतेम किलोमीटरभर लांबीचे हे बेट. राहण्यासाठी येथे फक्त सात झोपड्या आहेत. आठवी बांधायची नाही असे ठरलेलेच आहे. प्रत्येक झोपडीला स्थानिक भाषेत बांदा म्हणतात, आणि तिचे छप्पर नारळीच्या विणलेल्या झावळ्यांचे, म्हणजे आपल्या कोकणात ज्यांना झाप म्हणतात त्यांचेच, येथे त्यांना मकुटी म्हणतात. समुद्राच्या बाजूला भिंत नाही. खाली बसायची जागा आणि एक झोळी, वर माळ्यावर अंथरूण. दोरी सोडली की माळ्याची समोरची बाजू खाली येते आणि पडल्या पडल्या समुद्र दिसतो.

मी मात्र समुद्राआधी छप्पर पाहत बसले. ते एवढे पसरट आणि उतरते का आहे, हे कळायला वेळ लागला नाही. मार्च ते मे या मोठ्या पावसात, ज्याला येथे मसिका म्हणतात, आणि पुढे वर्षअखेरीच्या वुली नावाच्या छोट्या पावसात जेवढे पाणी या छपरावर पडते तेवढे गाळून जमिनीखालच्या हौदात साठते, आणि त्या झोपडीतल्या पाहुण्यांनी त्यावरच भागवायचे. हौदातले पाणी हापशाने वर चढवतात, उन्हावर तापवतात आणि नळाला देतात. हापसा हा शब्द मी लेकीला पुन्हा शिकवला. ती पुण्यात वाढलेली, तिला हातपंपच माहीत.

न्हाणीचे सांडपाणी झोपडीशेजारच्या वाफ्यात जाते. तेथे खूप पाणी आणि खत ओढणारी झाडे लावलेली आहेत, कारण साबणाचे आणि मळाचे पाणी झिरपून समुद्रात गेले तर शेवाळ माजते आणि शेवाळ माजले की प्रवाळ गुदमरतो. आमच्या आईने मोरीचे पाणी अळवाच्या आणि केळीच्या बुंध्याकडे वळवले होते, तेव्हा तिच्या डोक्यात प्रवाळ नव्हता, अळूची भाजी होती. योजना मात्र हीच. शौचालयही पाण्याविना चालते. वर पालापाचोळ्याचे खत टाकायचे, हवा खेळती ठेवायची, आणि काही महिन्यांनी त्याचे सोनखत होते. पहिल्या वेळी मन कचरले हे लिहून ठेवते. वास नाही, हेही लिहून ठेवते.

१३ सप्टेंबर

सकाळी रखवालदाराबरोबर पाण्यात गेले. तो पूर्वी कोळी होता. या बेटाच्या पश्चिमेकडील प्रवाळपट्टा १९९४ साली मासेमारीसाठी बंद झाला, आणि त्याच्या राखणीचे काम एका खासगी कंपनीकडे सोपवण्यात आले. तिने कोळ्यांच्या गावांतून माणसे घेऊन त्यांना रखवालदार केले. त्यांच्याजवळ शस्त्र नसते. एखादी होडी हद्दीत आली तर ते जवळ जातात, बोलतात, येथे माशांची वीण होते आणि तीच पुढे बाहेरच्या पाण्यात तुमच्या जाळ्यात येते, असे समजावतात. ज्याने स्वतः जाळे टाकले आहे त्याच्या तोंडून हे ऐकणे आणि माझ्यासारख्या बाईने फळ्यावर लिहिणे, यांत बराच फरक आहे.

तो मला सारखे ‘मामा’ म्हणत होता. स्वाहिलीत मामा म्हणजे आई, आणि वयाने मोठ्या बाईला आदराने तसेच म्हणतात. पण पाण्यात बुडण्याच्या भीतीने अर्धमेली झालेली असताना मला कोणी मामा म्हणावे, याचे लेकीला फार हसू आले. मी तरंगणाऱ्या कड्याला दोन्ही हातांनी धरून होते आणि तो ते कडे पोहत ओढत होता.

खाली जे दिसले त्याचे वर्णन करण्याचा प्रयत्न मी करणार नाही, कारण करायला बसले की रंगांची यादी होते. एवढेच नोंदवते की येथे कठीण प्रवाळांच्या सुमारे दोनशे आणि माशांच्या चारशेहून अधिक जाती मोजल्या गेल्या आहेत. मी वर्गात प्रवाळबेटांची आकृती काढत असे. ती आकृती बरोबर होती, फक्त त्यात काही हलत नव्हते. १९९८ साली हिंद महासागराचे पाणी तापून ठिकठिकाणी प्रवाळ पांढरे पडले. त्याच वर्षी हे अतिथीगृह पाहुण्यांसाठी उघडले, हा योगायोग मला दिवसभर छळत राहिला. कोळ्याला समजावता येते, तापलेल्या पाण्याला समजावता येत नाही.

दुपारी दीपगृहावर चढले. ते १९०४ सालचे, ब्रिटिशांच्या काळातले. शंभराहून अधिक पायऱ्या आहेत आणि माझ्या गुडघ्यांनी त्या सगळ्या मोजल्या. खाली दीपगृहाच्या राखणदारासाठी बांधलेली छोटी मशीद आहे, आणि तिची धाटणी भारतीय आहे. जेवणात कचुंबरी नावाची कोशिंबीर आली आणि चपातीला येथेही चपातीच म्हणतात, तेव्हा हे किनारे एकमेकांकडे किती काळ जा-ये करत आहेत, हे लेकीला सांगण्याची संधी मी सोडली नाही. तिने ते शांतपणे सहन केले.

रात्री वाटेवर दिवे नसतात; प्रत्येकाने विजेरी घेऊन चालायचे. जेवणाच्या ओट्यामागे नारळखेकडा पाहिला. जमिनीवरच्या संधिपादांमध्ये हा सर्वांत मोठा, चार किलोंपर्यंत वाढणारा. निळसर, जड, आणि आमच्याबद्दल कसलेही कुतूहल नसलेला.

निजण्यापूर्वी लेकीशी थोडा वाद झाला. दोन रात्रींचे भाडे तिने मला सांगितले नव्हते. आज मी हट्टाने विचारून घेतले. म्हसवडमध्ये १९७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांची होते. घागरभर पाण्यासाठी रांगेत उभे राहणे, अंघोळीचे पाणी कपड्यांना आणि कपड्यांचे सारवणाला, हे आम्ही केले ते नाइलाजाने, आणि त्याबद्दल कोणी आमचे कौतुक केले नाही. तीच काटकसर येथे मोजून पैसे देऊन विकत घ्यावी लागते, हे मला बोचले. लेक म्हणाली, “आई, या पैशातून शाळेची मुले येथे फुकट येतात, रखवालदारांचे पगार होतात. सरकार एक पैसा देत नसेल तर कुठून आणायचा?” तिचे म्हणणे खरे आहे. झांझिबारच्या कित्येक शाळकरी मुलांना पोहता येत नाही आणि आपल्याच दारातला प्रवाळ त्यांनी पाहिलेला नसतो. त्यांना येथे आणून पाण्यात उतरवतात. माझ्या वर्गातल्या मुलांनी कोयना धरण तेवढे पाहिले, तेही बसच्या खिडकीतून. तरीही माझी बोच गेली नाही. दोन्ही गोष्टी एकाच वहीत राहू देते.

१४ सप्टेंबर, पहाट

साडेचारच्या सुमारास पाऊस आला. या दिवसांत तो क्वचितच येतो म्हणे. आधी झापांवर टपटप, मग एकसारखा आवाज, आणि मग छपराच्या टोकाकडून खाली, गाळणीतून हौदात पडणारी धार वेगळी ऐकू येऊ लागली. खाली कोणीतरी विजेरी घेऊन पन्हाळीत पाने अडकली नाहीत ना, हे पाहत झोपड्यांमागून झोपड्या हिंडत होते. लेक झोपलेलीच होती. मी उठून बसले. १९७३ च्या जूनमध्ये पहिला पाऊस आला तेव्हा आईने घरातली सगळी भांडी, अगदी पूजेचे ताम्हनसुद्धा, वळचणीखाली नेऊन मांडले होते आणि आम्हा भावंडांना बाहेर नाचू दिले नव्हते. आमच्या पायांनी चिखल उडाला असता. पाऊस वीसेक मिनिटे पडला. धार बारीक होत थांबली, तरी हौदात थेंब पडत होते, आणि ते संपेपर्यंत मी ऐकत बसले. बोट सकाळी आहे.