तुटलेली रेघ

आज रात्री साडेअकराला टीव्हीवर ‘कमळ’ उमटलं, आणि आई म्हणाली, “डोक्यावरची रेघ तुटलीय रे. बाई छडी मारायच्या अशा अक्षराला.”

बोर्ड आहे व्हीडीएम-१, कॉम्प्युटरमधली अक्षरं टीव्हीवर दाखवणारा. ली फेल्सेन्स्टाइन या अमेरिकन इंजिनिअरने 1970 च्या दशकात आल्टेअरसारख्या सुरुवातीच्या घरगुती कॉम्प्युटरसाठी आखलेला. 16 ओळी, ओळीत 64 अक्षरं, म्हणजे बरोबर 1024 बाइट. अक्षरांचे आकार एका चिपमध्ये पक्के कोरलेले, आणि अर्थातच रोमन. ती चिप काढून तिच्या जागी छोट्या जोडपाटीवर ईप्रॉम (हवं ते भरता येणारी मेमरी चिप) बसवला, त्यात क, म, ळ भरले. प्रत्येक अक्षराला 7 बाय 9 ठिपके. ळ ने तर घाम काढला!

पण दोन अक्षरांमधली मोकळी जागा चिपमध्ये नाहीच, ती सर्किट सोडतं. रोमनला ती हवीच असते. आपली शिरोरेषा तिथेच तुटते. मी ठिपक्यांची वरची ओळ तीनदा तपासली, चूक माझीच असणार म्हणून.

उपाय आहे. बोर्डावरचा मूळ ट्रॅक (तांब्याची रेघ) कापायचा, एक वायर ओढायची. कटर हातात घेतला, परत ठेवला. पन्नासेक वर्षांचा बोर्ड आहे हो.

तुम्ही कापला असता?