कापसातला खळगा

दिवाळीनंतर आमच्या घरातली एक खोली कापसाची होते. आज भाव वाढेल, उद्या वाढेल, या आशेवर गंज आढ्याला टेकते. त्या गंजीवर, खिडकीकडच्या कोपऱ्यात आमच्या मांजरीची, भुरीची जागा ठरलेली. १३ वर्षं ठरलेली. ती गेली त्या पहाटे तिला उचलून घेतलं, तर खाली तिच्या अंगाच्या मापाचा खळगा तसाच राहिला.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात. घरी मी, हे, सासूबाई, मुलगा-सून आणि ५ वर्षांचा नातू. भुरी आली तेव्हा मूठभर पिल्लू होती, तुरीच्या कुटाराच्या ढिगात सापडलेली. तेव्हापासून संध्याकाळी गाय पिळायला बसले की पहिली धार तिच्या परळात.

गेल्या उन्हाळ्यात ती पाणी जास्त प्यायला लागली. वैशाखात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो, माणूसच माठ सोडत नाही, म्हणून मी मनावर घेतलं नाही. पावसाळा सरला, थंडी पडली, तरी ती गाईच्या टाक्याच्या काठावर बसून पीतच होती. अंगावरून हात फिरवला की पाठीचे मणके लागायचे. म्हातारी झाली, असं आम्ही म्हणत राहिलो. ज्यांच्या घरी आठ-दहा वर्षांची मांजर आहे त्यांनी एवढं ध्यानात ठेवा : पाणी वाढलं आणि वजन उतरलं, तर ऋतूवर ढकलू नका, रक्त तपासून घ्या.

तिनं दूध सोडलं तेव्हा शेजारीण म्हणाली, "तापाची गोळी अर्धी कुटून दे वं तिले." नशीब, दिली नाही. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, माणसाची पॅरासिटामॉल मांजरीला विष आहे, तिच्या शरीराला ती पचवताच येत नाही, एका गोळीनंही जीव जातो. तिथे रक्त तपासायची सोय नव्हती. त्यांनीच नागपूरला न्यायला सांगितलं.

दोन टोपल्या तोंडाला तोंड लावून बांधल्या, आत माझं जुनं लुगडं, आणि जाम चौरस्त्यावरून एसटी धरली. बुटीबोरीपर्यंत ती ओरडत होती. मग गप्प झाली, ते जास्त वाईट वाटलं. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे. १९५८ पासूनचं महाविद्यालय, आमच्या सासऱ्यांना त्याचं मोठं अप्रूप होतं. मी मात्र पहिल्यांदाच पाहिलं, तेही मांजर घेऊन. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी अहवाल पाहून सांगितलं, किडन्या गेल्या आहेत. म्हाताऱ्या मांजरींत हा आजार नेहमीचा, आणि दोन तृतीयांशाहून जास्त काम थांबेपर्यंत बाहेर फारसं काही दिसत नाही. बरी होणार नाही, पण जितके दिवस आहेत ते थोडे सोपे करता येतील, असं त्या म्हणाल्या.

सलाईन कातडीखाली कसं द्यायचं ते त्यांनी मला शिकवलं. दोन खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत धरून तंबूसारखी उचलायची आणि त्या पोकळीत सुई. आयुष्यात कोणाला सुई टोचली नव्हती. घरी आल्यावर बाटली कोमट पाण्यात ठेवून मग पाळण्याच्या कडीला टांगायची, हे बॅटरी धरायचे, मी सुई लावायची. पाणी जाता जाता पाठीवर उंटासारखा फुगवटा यायचा आणि सकाळपर्यंत जिरून जायचा. पहिल्या रात्री माझे हात एवढे थरथरले की तीनदा टोचावं लागलं. तिनं एकदाही नख काढलं नाही. असे ९ दिवस.

निघताना डॉक्टरीणबाईंनी आणखी एक सांगितलं होतं : अगदीच सहन होईना तर घेऊन या, इंजेक्शन देऊन शांतपणे जाऊ देता येतं. सासूबाई म्हणाल्या, "हातानं मांजर मारली तं काशीले सोन्याची मांजर द्या लागते, माय. असं नको करू." मलाही धीर झाला नाही. शेवटच्या रात्री तिनं जे सोसलं ते मी जवळ बसून पाहिलं. आज मला वाटतं, न्यायला हवं होतं. हे मी कोणाला दोष देऊन म्हणत नाही, निर्णय माझाच होता.

ह्यांनी बांधावरच्या कडुनिंबाखाली सब्बल घेऊन खड्डा केला. काळी माती सुकली की दगड होते, तरी कमरेएवढा खणला, कारण कुत्री आणि कोल्हे उकरतात. लुगड्यात गुंडाळून ठेवली, खडे मीठ टाकलं, वरून माती आणि बोराटीच्या काट्या.

दोन वर्षांपूर्वी आमचा ढवळ्या बैल गेला तेव्हा अर्ध गाव आमच्या ओसरीत बसून गेलं. हे दोन दिवस जेवले नाहीत आणि कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. बैलाला पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदे शेकून "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणायची रीत आहे. त्याच्या असण्याला सण आहे, म्हणून त्याच्या जाण्याला शब्द आहेत. भुरीसाठी रडले तर लोक म्हणाले, "मांजरच तं होती वं, दुसरी आन." त्यांचं मन वाईट नव्हतं. पण मी घरात रडणं बंद केलं, वेचणीला गेले की तासात, म्हणजे कपाशीच्या ओळीत, वाकून रडायची. एकदा शेजारच्या तासातल्या बाईनं पाहिलं. काही विचारलं नाही, तिच्या शेळीची गोष्ट सांगत राहिली, संध्याकाळपर्यंत. कोणाच्या बोलण्यानं मला आधार झाला असेल तर त्या दिवसाच्या.

नातवाच्या बाबतीत आम्ही चूक केली. भुरी नागपूरच्या दवाखान्यात आहे, असं सांगितलं. तो रोज एसटीच्या वेळेला फाट्यावर जायचा हट्ट धरू लागला. आठव्या दिवशी मी त्याला कडुनिंबाखाली नेलं आणि भुरी मेली, इथे पुरली आहे, परत येणार नाही, असं सरळ सांगितलं. त्यानं विचारलं, "तिले थंडी नाही लागत?" मेल्यावर थंडी लागत नाही, भूक लागत नाही, दुखतही नाही, म्हटलं. तो रडला, मीही रडले. त्या रात्री तो नीट झोपला.

सासूबाई महिनाभर काहीच बोलल्या नाहीत. मी पहिली धार सवयीनं परळात सोडायची आणि मग ते दूध वासराला द्यायची, हे त्या पाहत होत्या. एक दिवस म्हणाल्या, "तुह्या हातानं नाही मेली ती. तुह्या हातात मेली." आणि उठून गेल्या.

माघात व्यापाऱ्याची गाडी आली. मजूर गंजीवर चढायच्या आधी मी खिडकीकडच्या कोपऱ्यातला कापूस दोन्ही हातांनी काढून घेतला, साधारण दोन पसे. हे बाजूला उभे होते, वजनाचं काही बोलले नाहीत. दुपारी सरकी काढायला बसले तर कापसात भुऱ्या केसांची लव निघाली. दरवर्षी मी घरच्या कापसाच्याच वाती करते. तो कापूस डब्यात भरून ठेवला आहे, वाती अजून वळल्या नाहीत.