जीपचे शॅकल, गनमेटलचे बुश आणि उलटी बसलेली पाचर

मिरगाचा पाऊस पडला की आमच्या वावराकडची पांदण गाडीची राहत नाही. बंडीच्या चाकोऱ्या खोल, मधल्या उंचवट्यावर कुंदा माजलेला, आणि काळी माती चाकाला अशी धरते की टायर कुठला नि चिखल कुठला ते कळत नाही. बाबांची महिंद्रा एमएम ५४० जीप, प्यूजो इंजिनाची, याच पांदणीवर वीसेक वर्षं खत-कापूस वाहते आहे. यंदा तिला ६.०० ऐवजी ७.०० सोळाचे, म्हणजे मोठे, टायर टाकले, तर खड्ड्यात उतरली की पुढचं चाक मडगार्डला घासायला लागलं. पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, दबून बसलेले होतेच. शॅकल म्हणजे पाट्याचं टोक चासीला जोडणारी झुलती कडी. तिच्या पिना काढल्या तर एका अंगाने दीड मिमी खाल्लेल्या, पिनेभोवतीची नळकांडी, म्हणजे बुश, नावापुरते. म्हटलं, पुढचे शॅकल नवेच करून घेऊ, थोडे लांब.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण आमच्याकडे सगळेच यात फसतात. शॅकल पाट्याच्या एकाच टोकाला असतं, म्हणून ते ५० मिमी लांब केलं तर गाडी त्याच्या निम्मी, म्हणजे २५ मिमी, एक इंचच उचलली जाते. आणि उचलली जाते ती चासी. एक्सलमधला, दोन्ही चाकांना ताकद वाटणारा डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून एक सूतही वर येत नाही. त्याला टायरच मोठा लागतो. मला टायरला जागा हवी होती, त्यामुळे एक इंच पुरे होता. जुनं शॅकल दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत ७० मिमी, नवं १२० ठरवलं.

दिग्रसला लेथवाल्या काकांकडे गेलो. माझा बेत स्वस्तातला होता: जुनं शॅकल कापायचं, मधे तुकडा घालून वेल्डिंग करायचं. काकांनी हातातला चहा खाली ठेवला.

"जोडलेलं शॅकल कायले पायजे बापू? पांदणीत तुटलं तं चाक तुह्या हातात येईन. नवीन कर. अन् पाटा संगं आन, नुसतं माप सांगू नको."

पाटा मी नेला नाही. खोलायचा कंटाळा. व्हर्निअरने माप घेऊन कागदावर लिहून दिलं, आणि पुढचे सहा दिवस त्याचीच भरपाई केली.

पिनांसाठी मी भंगारातून ट्रकच्या एक्सल शाफ्टचा तुकडा उचलून नेला होता, फुकटात चांगलं पोलाद म्हणून. पोलाद चांगलंच होतं, पण अशा शाफ्टचं वरचं कातडं मुद्दाम कडक केलेलं असतं. पहिल्याच फेऱ्यात लेथच्या हत्याराची टिप उडाली, दुसरी निळी पडली. तिसरी टिप माझ्या पैशाने आणायची म्हटल्यावर मी गप्प झालो आणि नागपूरला इतवारीतल्या लोहा ओळीतून ईएन ८ चा, म्हणजे लेथवर नीट कापल्या जाणाऱ्या पोलादाचा, गोल बार मागवला. त्याची चुरी लांब गुंडाळ्या होऊन निघायला लागली तेव्हा काकांचा चेहरा सैल झाला.

शॅकलच्या बाजूच्या पट्ट्या १२ मिमी एमएसच्या, म्हणजे साध्या नरम पोलादाच्या. चारही एकावर एक आवळून एकाच सेटिंगमध्ये भोकं पाडली, म्हणजे डावं-उजवं शॅकल केसभरही लहानमोठं होत नाही. एकेक पट्टी वेगळी आखून पाडली असती तर गाडी एका अंगाला कलण्याची भीती होती. पिनेत ग्रीससाठी ४ मिमीचं लांब भोक पाडणं सगळ्यात वेळखाऊ. ड्रिल आत गेलं की वाकडं पळायला बघतं, म्हणून थोडं आत, बाहेर, चुरी साफ, तेल, परत आत. त्यात दुपारी थ्री फेज गेली की चार पिनांपैकी एखादी तशीच चकमध्ये अडकून राही, आणि आम्ही दोघं बाहेर निंबाखाली.

गनमेटलचे (तांब्याच्या मिश्रधातूचे) बुश काकांनी पाट्याच्या डोळ्याच्या, म्हणजे टोकाच्या भोकाच्या, मापापेक्षा ०.०४ मिमी मोठे काढले, दाबून घट्ट बसावे म्हणून. ते मी घरी व्हाइसमध्ये दाबले. सुरेख बसले. मग पिन घातली तर जाईना. लेथवर हीच पिन बुशमध्ये बोटाने फिरत होती! बुश बाहेरून आवळला की आतलं भोकही आवळतं, हे तेव्हा उमगलं. शेवटी पाटे खोलून मोटरसायकलच्या मागे बांधून दिग्रसला नेले. काकांनी पाट्यातच रीमर, म्हणजे भोक किंचित मोठं करायचं हत्यार, फिरवला, दहा मिनिटांचं काम. "आन म्हणलं होतं ना तुले," एवढंच बोलले.

गाडी उभी राहिली, टायर घासेना. पण आर्णीच्या रस्त्यावर चाळिसाच्या पुढे स्टिअरिंग भटकायला लागलं. आमच्या जीपला पुढचं शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला आहे. ते टोक ५० मिमी खाली गेलं आणि पाटा साधारण ९०० मिमीचा, म्हणजे एक्सल ३ अंश पुढे झुकला. वळण घेतल्यावर चाकं आपोआप सरळ येण्यासाठी किंगपिनचं, म्हणजे पुढचं चाक ज्या उभ्या पिनेवर वळतं तिचं, डोकं जरा मागे कललेलं लागतं, तो कल गेला. उपाय म्हणजे पाटा आणि एक्सलच्या मधे पाचर. शेपरवर (धातू तासायच्या मशीनवर) स्टीलच्या दोन पाचरी काढल्या, १०० मिमी लांबीत ५ मिमी उतार, मधे सेंटर बोल्टचं भोक. बोल्टही लांब घ्यावा लागला, पाटा एक्सलला आवळणारे यू बोल्टही.

आणि मी पाचर उलटी बसवली.

जाड बाजू मागे. ३ अंशाची चूक ६ अंशाची झाली. वीस-पंचवीसवरच गाडी बंडीच्या बैलासारखी धुऱ्याकडे ओढायला लागली, शेजारच्या तुरीच्या दोन ओळी गेल्या. आमचे पाटे एक्सलखाली आहेत, तेव्हा जाड बाजू पुढे हवी. संध्याकाळी तासाभरात फिरवली आणि स्टिअरिंग हाताला पहिल्यासारखं लागलं. दोनेकशे किलोमीटरनंतर यू बोल्ट परत आवळले, चांगले अर्धा फेरा सैल झाले होते.

एक राहिलंच. घाईत पिना आतून बाहेर घातल्या, त्यामुळे चारही ग्रीस निप्पल चासीच्या आतल्या बाजूला आलेत आणि ग्रीस गन लावायला चिखलात उताणं पडावं लागतं. फिरवायला अर्धा दिवस पुरे. पण पेरणी सुरू झाली आहे आणि जीप बाबांकडून सुटत नाही.